घरातील नाताळची हाऊजी : खेळ की जुगार?



आगमनकाळ आला की आपल्या घराघरांत दोन कामे सुरू होतात. एक गोठ्याचे आणि दुसरे करंज्या-शंकरपाळ्यांचे. या धांदलीत मिस्सेनंतर आपल्या धर्मग्रामातील एक माउली मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "फादर, नाताळात मुले घरी हाऊजी खेळायची म्हणतात. खेळू देऊ का? की तोही जुगारच?" प्रश्न साधा होता, पण विचारताना त्यांचा आवाज कापत होता. त्यांच्या जवळच्या नात्यातील एका तरुणाने मोबाइलवरच्या रमीत महिन्यामागून महिने पगार घालवला आणि शेवटी बायकोचे दागिनेही. तेव्हापासून 'आकडा' हा शब्द ऐकला तरी त्यांना धडकी भरते. मी त्यांना तिथेच "खेळा, पण पैसे नकोत" असे सांगून मोकळा झालो. घरी जाऊन विचार केला तेव्हा हे उत्तर फार अपुरे वाटले. पैसे का नकोत? आणि पैसे काढून घेतल्यावर त्या खेळात उरते तरी काय? म्हणून हा लेख.

आधी या खेळाचा इतिहास पाहू, कारण त्यात एक धर्मगुरूच आहे. इटलीतील नेपल्स शहरात अठराव्या शतकात लॉटरीचे वेड होते. एक ते नव्वद आकडे, आणि त्यावर गोरगरिबांचे पैसे. सन १७३४ मध्ये कार्लो दि बोर्बन हा नेपल्सचा राजा झाला. लॉटरी सरकारच्या ताब्यात आणावी म्हणजे खजिन्यात भर पडेल, असे त्याला वाटत होते. दोमिनिकन संघाचे फादर ग्रेगोरिओ मारिया रोक्को यांनी त्याला कडाडून विरोध केला. आकड्यांच्या नादात लोक प्रार्थना विसरतात, घरातले भांडे विकतात, असे त्यांचे म्हणणे. शेवटी तडजोड झाली ती अशी की लॉटरी चालेल, पण नाताळच्या आठवड्यात ती बंद राहील. आता त्या आठवड्यात लोकांनी करायचे काय? तर त्यांनी तेच नव्वद आकडे एका टोपलीत घातले, घरच्या टेबलाभोवती बसले आणि तिकिटावर वालाचे दाणे किंवा संत्र्याच्या सालीचे तुकडे ठेवून खेळू लागले. या खेळाचे नाव तोंबोला. नेपल्समधले लोक तोंबोलाच्या जन्माची कथा अशीच सांगतात, आणि आजही तिथे नाताळच्या रात्री तोंबोला खेळला जातो.

ही कथा मला फार आवडते. फादर रोक्को यांनी आकड्यांशी भांडण मांडले आणि त्यांना मिळाला तो घरातला एक खेळ! लॉटरी दुकानात होती, तोंबोला चुलीजवळ आला. याच फादरांनी नेपल्समध्ये घरोघरी नाताळचा गोठा मांडण्याच्या प्रथेला उत्तेजन दिले आणि गल्लीबोळांतील मरियामातेच्या मूर्तींपुढे दिवे लावण्याची चळवळ चालवली, हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे. केवळ "नको" म्हणणारा हा धर्मगुरू नव्हता.

पुढे ब्रिटिश नौदलात हा खेळ 'तंबोला' आणि सैन्यात 'हाऊजी-हाऊजी' या नावांनी खेळला जाऊ लागला. सैन्याबरोबर तो हिंदुस्थानात आला. पुण्याचा कॅम्प, खडकी, आपल्या शेजारचे देहूरोड ही सगळी छावण्यांची गावे. आजही लष्करी मेसमध्ये व क्लबांत याला तंबोला म्हणतात आणि आपण चर्चच्या मैदानावर हाऊजी म्हणतो. खेळ एकच.

आता मूळ प्रश्नाकडे वळतो. ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील कलम २४१३ नशिबाच्या खेळांविषयीच आहे. त्याचा आशय असा : पत्ते किंवा पैज यांसारखे खेळ मुळातच अन्यायाचे नाहीत. परंतु स्वतःच्या व आपल्यावर अवलंबून असणाऱ्यांच्या गरजेचा घास ते हिरावून घेऊ लागले की ते नैतिकदृष्ट्या अमान्य ठरतात, आणि जुगाराची ओढ माणसाला गुलाम करू शकते. म्हणजे ख्रिस्तसभा खेळाकडे बोट दाखवत नाही. ती विचारते, या खेळाने घरातले कोण उपाशी राहिले? त्या माउलींच्या नात्यातील तरुणाला हा प्रश्न कोणी वेळेवर विचारला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पैशावर चालणाऱ्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा देशात झाला हे चांगलेच झाले. पण कायदा मोबाइलला कुलूप लावतो, ओढीला लावू शकत नाही. मटका, लॉटरी, रमी अशी नावे बदलत आली आहेत. महाराष्ट्रात तर १९६९ पासून सरकारची स्वतःची लॉटरी आहे, त्यामुळे नेपल्सच्या राजाला आपण फार हसू नये.

मग पैसे काढून टाकल्यावर उरतो तो निव्वळ खेळ. याला काही किंमत आहे का? सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना मला वाटत असे की खेळ ही मुलांची गोष्ट आहे, मोठ्यांनी काम करावे आणि प्रार्थना करावी. संत थॉमस अक्वायनस यांनी माझा हा समज मोडला. त्यांनी आपल्या 'सुम्मा थिऑलॉजिका' या महाग्रंथात खेळाविषयी स्वतंत्र प्रश्न मांडले आहेत. ते संत योहानाची एक गोष्ट सांगतात. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत असल्याचे पाहून काही लोकांना धक्का बसला. त्यांच्यापैकी एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण मारायला सांगितला, मग पुन्हा, मग पुन्हा. "असे सतत करत राहशील का?" असे विचारताच तो म्हणाला की धनुष्य मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे, असे योहानाने त्याला सांगितले.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आपल्याकडे धनुष्य तीन पाळ्यांत ताणले जाते. वडील पहिल्या पाळीला, मुलगा चाकणला दुसऱ्या पाळीला, सून दवाखान्यात रात्रपाळीला, आणि आजी सगळ्यांचे डबे मोजत बसलेली. सुट्टी कोणाला गुरुवारी, कोणाला रविवारी. मी घरांना आशीर्वाद द्यायला जातो तेव्हा पाहतो की एका घरात चार माणसे राहतात, पण एका ताटाशी चौघे बसल्याला कित्येक आठवडे झालेले असतात. बसलेच तर चार मोबाइल मध्ये असतात. अशा घरात नाताळच्या दिवसांत एक संध्याकाळ सगळ्यांनी मिळून हसणे ही चैन नव्हे.

अक्वायनस खेळाला सद्गुणाचे स्थान देतात, तशा तीन अटीही घालतात. खेळातील आनंद घाणेरड्या किंवा दुसऱ्याला इजा करणाऱ्या गोष्टीतून मिळवू नये. मनाचा तोल पूर्णपणे जाऊ देऊ नये. आणि खेळ काळ, स्थळ व माणसे यांना साजेसा असावा. यातली पहिली अट हाऊजीला अगदी नेमकी लागू पडते. इंग्रजीत आकडे पुकारण्याची जी पद्धत आहे, त्यात अठ्ठ्याऐंशी म्हणजे 'दोन जाड्या बायका'. मैदानावर लोक हसतात. घरात आत्या बसलेली असताना तोच विनोद कोणाला लागतो, हे पुकारणाऱ्याच्या लक्षात येत नाही. पुकारण्याची रीत आपण आपली बनवू शकतो, त्याविषयी पुढे लिहितो.

एक गोष्ट मात्र मला तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी म्हणून सांगावीशी वाटते. कॅरममध्ये ज्याचा हात चांगला तो जिंकतो, पत्त्यांत ज्याची आठवण चांगली तो. हाऊजीत कौशल्य नाहीच. पाच वर्षांची नात आणि तीस वर्षे मशीनवर काम केलेले आजोबा अगदी समान. जिंकणाऱ्याने काही कमावलेले नसते, म्हणून त्याला मिरवता येत नाही. हरणाऱ्याची काही चूक नसते, म्हणून त्याला लाजावे लागत नाही. स्पर्धेने थकलेल्या मुलांना असा एक तास हवाच असतो. आणि नेमके हेच कारण आहे की यात पैसे घालणे धोक्याचे : जिथे कौशल्य नाही तिथे "पुढच्या खेपेला नक्की" या आशेला अंत नसतो.

पवित्र शास्त्राला चिठ्ठ्यांचे वावडे नाही. नाताळची कथा लूकच्या शुभवर्तमानात सुरू होते तीच चिठ्ठीने. मंदिरात धूप जाळण्यासाठी जखऱ्याच्या नावाची चिठ्ठी निघाली (लूक १:९), म्हणून तो आत गेला आणि देवदूत त्याला भेटला. यहूदाच्या जागी मत्थियाची निवड चिठ्ठ्या टाकून झाली (प्रेषितांची कृत्ये १:२६). आणि वधस्तंभाखाली सैनिकांनी प्रभूच्या अंगरख्यासाठी चिठ्ठ्या टाकल्या (योहान १९:२४). चिठ्ठी तीच, पण मंदिरात ती सेवा कोणाला मिळणार हे ठरवते आणि वधस्तंभाखाली लूट कोणाला मिळणार हे. घरातल्या हाऊजीचे बक्षीस ठरवताना हा फरक डोळ्यांपुढे ठेवावा. आकड्यांत भविष्य मात्र शोधू नये. नेपल्समध्ये स्वप्नात दिसलेल्या प्रत्येक गोष्टीचा एक आकडा ठरलेला आहे आणि लोक त्यावरून लॉटरी लावतात. आपल्याकडे मटकेवाले तेच करत आले. ही अंधश्रद्धा आहे.

आता प्रत्यक्ष खेळ. बाजारातली तिकिटे तुम्ही पाहिली आहेत : तीन ओळी, नऊ रकाने, प्रत्येक ओळीत पाच याप्रमाणे पंधरा आकडे. अशी सहा तिकिटे मिळून पंधरा सक नव्वद होतात. छापील सहा तिकिटांचा संच नीट बनवलेला असेल तर एक ते नव्वदपैकी प्रत्येक आकडा त्यात एकदाच येतो. घरी हे सोपे आहे. कागदाच्या नव्वद चिठ्ठ्या करा, एक ते नव्वद आकडे लिहा आणि पत्त्यांसारख्या सहा जणांत वाटा. प्रत्येकाने आपल्या पंधरा चिठ्ठ्या पाहून ते आकडे कागदावर पाच-पाचच्या तीन ओळींत लिहावेत. मग सगळ्या चिठ्ठ्या स्टीलच्या डब्यात परत टाका, हलवा आणि एकेक काढायला सुरुवात करा. यात गंमत अशी की प्रत्येक आकडा घरातल्या कोणाचा तरी असतोच. मैदानावर आपला आकडा निघाला नाही की आपण गप्प बसतो. इथे दर वेळी कोणीतरी "माझा!" म्हणून ओरडते. आकडा झाकायला चिंचोके किंवा हरभरे घ्या. शेंगदाणे घेऊ नका, खेळ संपेपर्यंत ते उरत नाहीत.

घरात चारच माणसे असतील तर? तिकिटे तरीही सहाच करा. एक गावाकडच्या आजी-आजोबांचे. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूर, जालना, जिथे आपले मूळ घर असेल तिथे फोन लावून स्पीकरवर ठेवा, म्हणजे तेही खेळतील. दुसरे तिकीट जो पाळीवर आहे त्याचे. त्याचे आकडे घरातल्या एकाने झाकावेत. द्राक्षमळ्याच्या दाखल्यात (मत्तय २०) अकराव्या तासाला आलेल्या मजुरालाही धन्याने पूर्ण रोज दिला. दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा दमून आलेल्या माणसाला दारातच "तुझी मधली ओळ लागली" असे सांगून त्याच्या वाट्याची करंजी हातात द्यावी. शेजारी कोणी एकटे राहत असेल, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, तर एक तिकीट त्यांना द्यावे.

पुकारण्याची रीत अशी. आकडा निघाला की तो ज्याच्या तिकिटावर असेल त्याने त्या आकड्याशी जोडलेली पवित्र शास्त्रातली किंवा घरातली एक गोष्ट सांगायची, मगच चिंचोका ठेवायचा. एका वाक्यात चालेल. तीन म्हणजे पूर्वेकडून आलेल्या मागी लोकांच्या भेटी. (इथे वाद नक्की होईल. मत्तय भेटी तीन सांगतो, मागी किती होते ते सांगत नाही.) सहा म्हणजे काना गावच्या लग्नातील दगडी रांजण. आठ म्हणजे आठव्या दिवशी बाळाचे नाव येशू ठेवले. नऊ म्हणजे बरे होऊनही आभार मानायला परत न आलेले कुष्ठरोगी, आणि हा आकडा ज्याच्याकडे येईल त्याने त्याच क्षणी घरातल्या एकाचे आभार मानावेत. बारा वर्षांचा येशू मंदिरात. चौदा पिढ्या मत्तयच्या वंशावळीत. अठरा वर्षे कुबडी राहिलेली बाई. अडतीस वर्षे आजारी पडून असलेला माणूस. चाळीस दिवसांनी बाळाला मंदिरात नेले, म्हणून आपण २ फेब्रुवारीला तो सण पाळतो. बहात्तर शिष्य जोडीजोडीने पाठवले. त्र्याहत्तर म्हणजे आपल्या बायबलमधील पुस्तके, जुन्या करारात सेहेचाळीस आणि नव्या करारात सत्तावीस, त्यामुळे हे तिन्ही आकडे एका गोष्टीत येतात. पंचाहत्तर म्हणजे ज्या वयात अब्राहामाने हारान सोडले ते. दुष्काळात किंवा नोकरीसाठी गाव सोडून पिंपरीत आलेल्या आपल्या वडीलधाऱ्यांनी हा आकडा आला की गप्प बसू नये. चौऱ्यांशी म्हणजे मंदिर न सोडणारी विधवा हन्ना, जिने बाळ येशूला ओळखले.

सगळ्याच आकड्यांना बायबलमध्ये जागा शोधत बसू नका. काही घराने भरायचे आहेत. पिंपरीतील जुन्या घरांत चोपन्न म्हणजे १९५४, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना. सहासष्ट म्हणजे १९६६, टेल्कोचा इथला कारखाना. ब्याऐंशी म्हणजे १९८२, आपली महानगरपालिका झाली ते साल. कोणाच्या आजोबांचा टोकन नंबर असेल, कोणाच्या आईवडिलांच्या लग्नाचे साल असेल. मुलांना या गोष्टी दुसरीकडे कुठे कळणार?

लहान मुलांना आकडे वाचता येत नसतील तर चित्रांची हाऊजी करा. सोळा चौकोन, त्यात गव्हाणी, तारा, मेंढपाळ, देवदूत, उंट, बैल, गाढव. मोठ्या मुलांनी लहानांसाठी चित्रे काढावीत. मग त्यांना एक कोडे घाला : लूकच्या शुभवर्तमानात गोठ्यातले बैल आणि गाढव शोधून दाखवा. ते तिथे नाहीत. ख्रिस्ती परंपरेने ते यशया १:३ वरून गोठ्यात आणले. आपल्यापासून जवळच असलेल्या आळंदीचे ज्ञानेश्वर, त्यांच्या नावाशी परंपरेने मोक्षपट जोडला गेला आहे, ज्याला आपण सापशिडी म्हणतो. खेळातून शिकवण्याची ही रीत या मातीला नवीन नाही.

आता बक्षिसे. पहिले पाच आकडे ज्याचे लागतील त्याने जेवणाआधीची प्रार्थना करावी. वरची, मधली आणि खालची ओळ, प्रत्येकी एक खाऊ किंवा गाणे निवडण्याचा हक्क. चार कोपरे लावणाऱ्याला त्या रात्री भांडी घासण्यापासून सुटका (हे बक्षीस एका घरात मी स्वतः पाहिले आहे, त्यासाठी पैशांपेक्षा जास्त चुरस होती). आणि फुल हाऊस ज्याचे होईल त्याने २४ तारखेच्या रात्री बाळ येशूची मूर्ती गोठ्यात ठेवायची. ही सेवा जखऱ्याच्या चिठ्ठीसारखी आहे. ती मिळते, खिशात घालता येत नाही. न निघालेला आकडा झाकून क्लेम करणाऱ्याला मात्र एक फेरी बाहेर बसवा. नातवाच्या बाजूने लबाडी करणाऱ्या आजींनाही हा नियम लागू.

काही जण विचारतील, मग चर्चच्या सणाला होणारी तिकिटाची हाऊजी? माझे मत सांगतो, आज्ञा म्हणून नव्हे. एखादे तिकीट घेऊन सगळ्यांबरोबर बसणे यात मला दोष दिसत नाही. पण एखादा बाप मुलाच्या समोर सहावे, सातवे तिकीट घेतो, तेव्हा ते मूल आकडे पाहत नाही, बापाचा चेहरा पाहते. हे मी पाहिले आहे. घरात कोणाला आकड्यांचा नाद लागलेला असेल, त्याने आणि त्याच्या घरच्यांनी या सणात तिकिटाच्या हाऊजीपासून दूर राहावे, आणि संकोच न करता मला येऊन भेटावे. त्या माउलींनाही मी हेच सांगितले, आणि हेही की तुमच्या नात्यातील त्या तरुणाला घरच्या खेळाला बोलवा. आकडे पुकारायचे काम त्याला द्या.

शेवटचा आकडा नव्वद. नेपल्सच्या तोंबोलात नव्वद म्हणजे भीती. आपल्या यादीत मी तिथे सारा लिहिली आहे. नव्वदाव्या वर्षी तुला मुलगा होईल असे ऐकून ती तंबूच्या दारामागे हसली, आणि मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव ठेवले इसहाक, म्हणजे 'तो हसतो' (उत्पत्ती १७, १८ व २१). हा आकडा निघाला की घरातल्या सर्वात वयस्कर व्यक्तीने आपल्याला कशाचे हसू आले होते ते सांगावे.

एक ते नव्वदची यादी व कोऱ्या तिकिटांचे कागद पुढील रविवारी प्रत्येक मिस्सेनंतर धर्मशिक्षण वर्गाच्या टेबलावर मिळतील. एका घराला एक संच. डबा आणि चिंचोके तुमचे.

आपला,
धर्मगुरू